‘सोपा, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध’: हार्ट अटॅकनंतरच्या दाह-निर्देशकांवरचे पेपर कसे वाचावेत

‘सोपा, स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध निर्देशक.’ सारांशाच्या शेवटच्या ओळीत हे शब्द असलेले ढीगभर पेपर तुम्हाला पबमेडवर एका शोधात सापडतील. विषय ठरलेला असतो. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या रुग्णाच्या रक्तातला दाहाचा, म्हणजे इन्फ्लमेशनचा, एखादा आकडा घ्यायचा. तो कधी सीआरपी असतो, तर कधी न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर, म्हणजे एनएलआर. मग त्यावरून रुग्ण दगावेल का, त्याला हार्ट फेल्युअर होईल का, याचं भाकीत करायचं. निष्कर्षही बहुतेक वेळा तोच : आकडा जास्त तर धोका जास्त, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी.

संशोधनाचा विषय शोधत असलेल्या विद्यार्थ्याला हा प्रकार का भुरळ घालतो ते समजण्यासारखं आहे. किट विकत घ्यायला नको, निधी मागायला नको. सीबीसी प्रत्येक रुग्णाचा होतोच आणि जुन्या फायली रेकॉर्ड रूममध्ये पडलेल्या असतात. एक एक्सेल शीट, थोडं एसपीएसएस आणि काही महिन्यांची मेहनत, की पेपर तयार. तुमच्यापैकी जे सध्या सिनॉप्सिस लिहीत आहेत त्यांना ‘असं काहीतरी कर ना’ हा सल्ला मिळालेला असेल किंवा लवकरच मिळेल.

म्हणून आज या संपूर्ण संशोधनप्रकाराची चिकित्सा करू या. एखाद्या पेपरची उणीदुणी काढायची नाहीत, कारण त्रुटी एकट्या पेपरची नसते, पद्धतीची असते. माझं मत आधीच सांगून टाकते. यामागची जीवशास्त्रीय कल्पना भक्कम आहे. पण तिच्यावर उभे राहिलेले बरेचसे पेपर ज्या प्रश्नाचं उत्तर दिल्याचा दावा करतात, तो प्रश्न त्यांनी खरं तर विचारलेलाच नसतो.

आधी कल्पनेचं श्रेय

सीआरपी हा रेणू १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडला. न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या बहुशर्करेशी तो अभिक्रिया करायचा, म्हणून ‘सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन’. पुढे कळलं की संसर्ग असो, जखम असो वा ऊतींचा नाश, इंटरल्यूकिन-६ चा संदेश मिळाला की यकृत हे प्रथिन बनवू लागतं.

हार्ट अटॅकमध्ये नेमकं हेच घडतं. रक्तवाहिनी बंद पडते, हृदयाच्या स्नायूपेशी मरतात आणि त्यांच्यातला ऐवज बाहेर सांडतो. काही तासांत न्यूट्रोफिल धावून येतात, मागून मोनोसाइट येतात आणि साफसफाई सुरू होते. सीआरपी साधारण सहा तासांनंतर वाढायला लागते आणि ४८ तासांच्या आसपास शिखर गाठते. तिचा अर्धायुकाल सुमारे १९ तासांचा असतो आणि तो आजारात फारसा बदलत नाही. म्हणजे रक्तातली पातळी मुख्यतः यकृत किती बनवतंय यावरच ठरते. जास्त स्नायू मेला तर प्रतिसाद मोठा, हे तर्काला धरून आहे.

१९९४ मध्ये रोममधल्या माझेरी यांच्या गटाने अस्थिर अंजायनाच्या रुग्णांमध्ये वाढलेली सीआरपी आणि पुढचा वाईट परिणाम यांचा संबंध दाखवला. १९९७ मध्ये रिडकर आणि सहकाऱ्यांनी वरकरणी निरोगी पुरुषांमध्येही वाढलेली सीआरपी पुढच्या हार्ट अटॅकची शक्यता सांगते, असं मांडलं. एनएलआरचा प्रवास वेगळा. झाहोरेक यांनी २००१ मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी तो सुचवला आणि नंतर तो हृदयरोगात आला.

तेव्हा ‘दाहाचा आणि परिणामाचा संबंध आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे आणि ते बऱ्याच वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. तुमचा पेपर तेच उत्तर आणखी एकदा देणार असेल तर त्याने कुणाचं काय अडलं होतं, हे तुम्ही सांगू शकायला हवं.

पहिला आक्षेप : संबंध सापडला म्हणजे भाकीत जमलं असं होत नाही

हा मुद्दा हिशेबाने करू, कारण शब्दांत तो सगळ्यांना पटतो आणि पेपर लिहिताना सगळे विसरतात.

समजा, १००० रुग्ण आहेत आणि त्यातले ८० रुग्णालयात असतानाच दगावले. (हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत.) एनएलआरचा एक कट-ऑफ घेतला. त्याची सेन्सिटिव्हिटी ७० टक्के, स्पेसिफिसिटीही ७० टक्के. या प्रकारच्या पेपरमध्ये असे आकडे ‘चांगले’ मानले जातात.

आता मोजा. दगावलेल्या ८० पैकी ५६ जणांचा एनएलआर कट-ऑफच्या वर होता, २४ जणांचा खाली. वाचलेल्या ९२० पैकी २७६ जणांचा वर, ६४४ जणांचा खाली. ऑड्स रेशो काढा : ५६ गुणिले ६४४, भागिले २७६ गुणिले २४. उत्तर येतं जवळपास ५.४. पी-व्हॅल्यू अगदी नगण्य. सारांशात वाक्य तयार : ‘एनएलआर जास्त असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूची शक्यता पाचपटीहून अधिक.’

आता हेच आकडे वॉर्डातल्या डॉक्टरच्या नजरेने पाहा. कट-ऑफच्या वर गेलेले रुग्ण ३३२. त्यातले दगावणार ५६, म्हणजे सुमारे १७ टक्के. ज्यांच्यावर ‘धोका’ अशी चिठ्ठी लागली त्यांतले सहापैकी पाच जण व्यवस्थित घरी जाणार आहेत. बरं, खाली राहिलेल्या ६६८ जणांना ‘सुरक्षित’ म्हणायचं का? त्यांच्यातले ९६.४ टक्के वाचले, हा आकडा भारदस्त दिसतो. पण काहीच तपासणी न करता, डोळे मिटून ‘हा वाचेल’ म्हटलं असतं तरी ९२ टक्के वेळा बरोबर ठरलं असतं. आणि दगावलेल्या ८० पैकी २४ जण या ‘सुरक्षित’ गटातले आहेत.

खरा प्रश्न त्या २४ जणांचा आहे. एखाद्या छोट्या रुग्णालयाने असा पेपर वाचून ठरवलं की एनएलआर कमी आहे, तर या रुग्णाला पुढे मोठ्या केंद्रात हलवायची घाई नाही, तर काय होईल? ऑड्स रेशो तोच राहील, पी-व्हॅल्यूही तीच राहील. पेपरमध्ये एकही आकडा खोटा नसेल आणि तरी निर्णय चुकलेला असेल.

गटाची सरासरी वेगळी दाखवणं एक आणि समोरच्या माणसाबद्दल काही ठाम सांगता येणं दुसरं. मार्गारेट पेपे आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच गोंधळावर बोट ठेवलं होतं. ऑड्स रेशो ३ असला, जो साथरोगशास्त्रात दणदणीत मानला जातो, आणि निरोगी लोकांपैकी फक्त १० टक्क्यांना चुकीने ‘आजारी’ ठरवायची मुभा असली, तर तो निर्देशक खऱ्या आजाऱ्यांपैकी जेमतेम २५ टक्केच पकडतो. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून बघा, दोन ओळींचं गणित आहे.

दुसरा आक्षेप : तो आकडा नवीन काय सांगतो?

हार्ट अटॅकच्या रुग्णाचा धोका मोजायला आपल्याकडे साधनं नाहीत असं नाही. ग्रेस नावाचा स्कोअर आहे. त्यात दाखल होतानाच्या आठ गोष्टी येतात : वय, नाडीचा वेग, सिस्टोलिक रक्तदाब, क्रिएटिनिन, किलिप वर्ग, कार्डिअ‍ॅक अरेस्ट झाला होता का, ईसीजीत एसटी सरकला आहे का आणि हृदयस्नायूची एन्झाइम्स वाढली आहेत का. यातला किलिप वर्ग तर १९६७ चा. स्टेथोस्कोप लावून फुप्फुसातली खरखर ऐकायची, रुग्ण शॉकमध्ये आहे का ते बघायचं. ‘सोपं आणि स्वस्त’ म्हणायचं तर याच्याहून सोपं काय असणार?

म्हणून एनएलआरच्या पेपरने विचारायला हवा तो प्रश्न असा : ग्रेस स्कोअर माहीत असताना, त्यात एनएलआर मिळवला तर भाकीत किती सुधारतं? बरेचसे पेपर हे विचारतच नाहीत. ते एनएलआरची तुलना ‘काहीच माहीत नसण्याशी’ करतात. वय, मधुमेह, धूम्रपान असे चार-पाच घटक रिग्रेशनमध्ये टाकतात आणि एनएलआर उरला की त्याला ‘स्वतंत्र भाकीतकर्ता’ म्हणतात. स्वतंत्र कशापासून? मॉडेलमध्ये जे घातलं त्यापासून. किलिप वर्ग आणि इजेक्शन फ्रॅक्शन घातलंच नसेल तर एनएलआर त्यांचीच सावली असू शकतो. मोठा अटॅक, जास्त मेलेला स्नायू, जास्त ताण, म्हणून जास्त एनएलआर. ‘स्वतंत्र’ हा शब्द दिसला की लगेच तक्त्याकडे जा आणि मॉडेलमध्ये काय नव्हतं ते शोधा.

भर किती पडते याचा अंदाज यावा म्हणून एक खरा आकडा देते. तो निरोगी लोकांमधला आहे, हार्ट अटॅकच्या रुग्णांमधला नाही, हे लक्षात ठेवून वाचा. २०१२ मध्ये ५२ अभ्यासांतल्या जवळपास अडीच लाख लोकांची माहिती एकत्र करून तपासलं गेलं की नेहमीच्या जोखीम घटकांत सीआरपी मिळवली तर काय होतं. भाकिताची क्षमता मोजणारा सी-इंडेक्स ०.००३९ ने वाढला. सांख्यिकीदृष्ट्या ही वाढ खरी होती, पण तिचा आकार लक्षात घ्या.

तिसरा आक्षेप : रक्त नेमकं केव्हा काढलं?

हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे आणि आपल्या देशात तर तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सीआरपी पहिल्या काही तासांत जवळजवळ हलतच नाही, मग चढते. न्यूट्रोफिलही तासातासाला बदलतात. आता २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली भारतातली ‘क्रिएट’ नोंदवही बघा. अ‍ॅक्यूट कोरोनरी सिंड्रोमच्या २० हजारांहून अधिक रुग्णांचा तो अभ्यास. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं, म्हणजे सहा तास. पण मध्यकापेक्षा पसारा बघण्यासारखा आहे : पाव रुग्ण साधारण दोन तासांच्या आत पोचले, तर पाव रुग्णांना २२ तासांच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेळ लागला.

‘दाखल होतानाची सीआरपी’ या एका रकान्यात हे सगळे एकत्र बसवले की काय होतं? दोन तासांत आलेल्याची सीआरपी कमी, कारण यकृताने अजून काम सुरूच केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आलेल्याची जास्त. उशिरा आलेल्याचा परिणामही वाईट, कारण रक्तवाहिनी वेळेत उघडली गेली नाही. मग सीआरपी आणि मृत्यू यांचा जो संबंध दिसला, त्यात दाह किती आणि घड्याळ किती? गावातून निघून, गाडी शोधून, दोन ठिकाणी फिरून आलेल्या माणसाचा उशीर तुम्ही मिलिग्रॅममध्ये मोजला आणि त्याला ‘बायोमार्कर’ असं नाव दिलं, एवढंच झालं असण्याची शक्यता आहे. लक्षणं सुरू झाल्याची वेळ नोंदलेली नसेल तर हा प्रश्न नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही.

‘मग आपण शिखराची सीआरपी घेऊ’ असं कुणी म्हणेल. शिखर ४८ तासांच्या आसपास येतं. रुग्णालयात होणाऱ्या मृत्यूंचा मोठा वाटा त्याच्या आधीच घडून गेलेला असतो. ते रुग्ण एकतर अभ्यासातून गळतात किंवा त्यांची अर्धवट चढलेली सीआरपी ‘शिखर’ म्हणून नोंदली जाते. पहिल्या दोन दिवसांतला धोका तिसऱ्या दिवशी सांगणाऱ्या निर्देशकाला आपल्याकडे एक जुना वाक्प्रचार आहे : वरातीमागून घोडं.

चौथा आक्षेप : कट-ऑफ आणि गुणोत्तर

एनएलआरचे कट-ऑफ गोळा करून बघा. कुठे तीन-साडेतीन, कुठे पाच, कुठे सहाच्याही वर. असं का? कारण प्रत्येक गटाने आपल्याच डेटावर आरओसी वक्र काढून, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीची बेरीज जिथे सर्वांत जास्त येते तो बिंदू उचललेला असतो. मग त्याच कट-ऑफची कामगिरी त्याच रुग्णांवर तपासलेली असते. ही म्हणजे पेपर सेट करणाऱ्यानेच परीक्षेला बसून स्वतःचा पेपर तपासण्यासारखी गोष्ट झाली. दुसऱ्या रुग्णालयात तो कट-ऑफ ढासळतो, आणि तिथला गट मग आपला ‘नवा कट-ऑफ’ छापतो.

मुळात कट-ऑफ हवाच कशाला? ५.९ आणि ६.१ एनएलआर असलेले दोन रुग्ण विरुद्ध गटांत, आणि ६.१ व २५ असलेले दोघे एकाच गटात, यात माहिती फुकट जाते. सलग संख्येचे असे दोन तुकडे करण्याची किंमत काय असते हे ऑल्टमन आणि रॉयस्टन यांनी २००६ मध्ये बीएमजेत सविस्तर लिहिलं आहे. छोटंसं टिपण आहे, सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचाच.

गुणोत्तराची स्वतःचीही एक अडचण आहे. एकाचे न्यूट्रोफिल ९००० आणि लिम्फोसाइट १५००. दुसऱ्याचे ४८०० आणि ८००. दोघांचाही एनएलआर ६. पहिल्याच्या शरीरात न्यूट्रोफिलची फौज उभी राहिली आहे. दुसऱ्याचे लिम्फोसाइट घटले आहेत. वय असेल, कुपोषण असेल, अतिदक्षता विभागात दिलेलं स्टेरॉइड असेल किंवा ताणातलं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल असेल. गुणोत्तर या दोघांना एकाच रांगेत बसवतं आणि पेपरची ‘चर्चा’ त्याला सरसकट ‘दाह’ म्हणते.

मापनाचंही बघा. जिथे अजून काचपट्टीवर शंभर पेशी मोजून डिफरन्शियल काउंट देतात, तिथे ८५ न्यूट्रोफिल आणि ५ लिम्फोसाइट आले तर एनएलआर १७. एकच पेशी इकडची तिकडे झाली, ८४ आणि ६, तर १४. हा फरक रुग्णाच्या आजारातला नाही. सीआरपीत आणखी एक सापळा असतो : एका लॅबचा अहवाल मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, दुसरीचा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दहापटीचा फरक. जुन्या फायलींतून डेटा उचलताना एकक बघितलं नाही तर सगळा तक्ता वाया. आणि ‘एचएस-सीआरपी’ हा वेगळा रेणू नव्हे, तोच रेणू कमी पातळीलाही अचूक मोजण्याची ती पद्धत आहे, हेही मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं, तेव्हा लक्षात असू द्या.

पाचवा आक्षेप : गुणोत्तरांचा कारखाना

एनएलआर जुना झाला की पीएलआर येतो : प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट. मग एसआयआय : प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. मग एसआयआरआय : त्यात प्लेटलेटऐवजी मोनोसाइट. मग सीआरपी भागिले अल्ब्युमिन. प्रत्येकाच्या शीर्षकात ‘नवीन निर्देशक’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! शेवटचा सोडला तर सीबीसीतल्या त्याच चार संख्या आहेत. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

यातला सांख्यिकी धोका खरा आहे. समजा, सहा निर्देशक, तीन परिणाम आणि दोन वेळा घेतलेलं रक्त. झाल्या ३६ चाचण्या. प्रत्यक्षात कशाचाच कशाशी संबंध नसता आणि या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असत्या, तरीही किमान एक ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. (इथे त्या स्वतंत्र नाहीत, त्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल, पण धोका तोच.) छापली जाते ती जिंकलेली एक. उरलेल्या ३५ एक्सेलमध्ये राहतात.

त्यात नमुना छोटा. १५० रुग्ण आणि ८ टक्के मृत्यू म्हणजे १२ मृत्यू. या १२ घटनांवर सहा घटकांचं रिग्रेशन चालवलं की आकडे येतात, पण त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. संख्या अपुरी पडली की काही जण ‘एमएसीई’ असा मिश्र परिणाम घेतात आणि त्यात पुन्हा केलेली अँजिओप्लास्टीही मोजतात. अँजिओप्लास्टी करायची की नाही हा डॉक्टरचा निर्णय असतो. तुमचा निर्देशक मग रोगाचं भाकीत करतोय की डॉक्टरच्या निर्णयाचं?

सहावा आक्षेप : धूर आणि आग

पेपरच्या शेवटी हमखास एक वाक्य असतं : ‘त्यामुळे दाह कमी करणारे उपचार लाभदायक ठरू शकतील.’ हे वाक्य अभ्यासातून निघतच नाही. न्यायशास्त्रातलं डोंगरावरच्या धुराचं उदाहरण आठवा. धूर दिसला तर आग आहे हे अनुमान रास्त. पण धूर पांगवला तर आग विझेल, असं त्यातून निघत नाही.

सीआरपीच्या बाबतीत हे तपासून झालं आहे. काही लोकांची सीआरपी जनुकीय फरकांमुळे जन्मभर थोडी जास्त असते. सीआरपी स्वतःच कारण असती तर त्यांना त्या प्रमाणात हृदयविकार जास्त व्हायला हवा होता. २००८ आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासांत तसं दिसलं नाही. याउलट २०१२ मध्ये इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहकातल्या जनुकीय फरकांचा मात्र हृदयविकाराशी संबंध दिसला. म्हणजे आग वरच्या अंगाला आहे, सीआरपी खाली दिसणारा धूर.

औषधांच्या चाचण्यांची कहाणी आणखी बोलकी आहे. २०१७ ची ‘कँटोस’ चाचणी : आधी हार्ट अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने हृदयविषयक घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, कोलेस्टेरॉल न बदलता. पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. ‘सर्ट’ चाचणीत कमी मात्रेच्या मेथोट्रेक्सेटने ना सीआरपी उतरली ना घटना कमी झाल्या. २०१९ च्या ‘कोलकॉट’मध्ये हार्ट अटॅकनंतर ३० दिवसांच्या आत सुरू केलेल्या कोल्चिसिनने घटना ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मग २०२४ मध्ये ७०६२ रुग्णांची ‘क्लिअर’ चाचणी आली. कोल्चिसिन गटात तीन महिन्यांनी सीआरपी कमी होती, पण घटना ९.१ विरुद्ध ९.३ टक्के. निर्देशक उतरला, रुग्णाचं नशीब मात्र होतं तिथेच राहिलं.

यातून ‘दाहाचा सिद्धांत खोटा’ असा अर्थ काढू नका. चाचण्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, एवढंच आज म्हणता येतं. पण आणखी एक बारकावा बघा. कँटोसमधले रुग्ण अटॅकनंतर किमान ३० दिवस उलटून गेलेले होते. तिथली ‘२’ ही स्थिरावलेल्या माणसाची पातळी आहे. अटॅकच्या दुसऱ्या दिवशीची ‘८०’ ही जखमेची प्रतिक्रिया आहे. रेणू एक, प्रश्न दोन. आपल्या पेपरच्या प्रस्तावनेत कँटोसचा दाखला देऊन आत दाखल होतानाची सीआरपी मोजणारे या दोन प्रश्नांची सरमिसळ करतात.

मग हा विषय घ्यायचाच नाही का?

घ्या. पण प्रश्न बदलून घ्या. चांगला अभ्यास मला असा दिसतो :

१. लक्षणं सुरू झाल्याची वेळ आणि रक्त काढल्याची वेळ, दोन्ही मिनिटांपर्यंत नोंदलेल्या. यासाठी जुन्या फायली बहुधा पुरणार नाहीत. पुढे येणाऱ्या रुग्णांची नोंद स्वतः उभं राहून करावी लागेल.

२. तुलना शून्याशी न करता ग्रेस स्कोअरशी. आधी ग्रेस आपल्या रुग्णांत कसा चालतो ते तपासायचं, मग त्यात निर्देशक मिळवून काय बदललं ते सांगायचं.

३. निर्देशक सलग संख्या म्हणूनच वापरायचा. कोणते निर्देशक आणि कोणता परिणाम तपासणार, हे डेटा उघडण्याआधी लिहून ठेवायचं.

४. नुसता एयूसी देऊन थांबायचं नाही. कॅलिब्रेशनही दाखवायचं, म्हणजे मॉडेल ज्यांना २० टक्के धोका सांगतं त्यांच्यातले खरोखरच २० टक्क्यांच्या आसपास दगावतात का? आणि शक्य असेल तर दुसऱ्या रुग्णालयातल्या रुग्णांवर पडताळणी.

५. दाखल होताना संसर्ग, स्टेरॉइड, कर्करोग, किडनीचा आजार होता का याची नोंद. यांतली प्रत्येक गोष्ट तुमचा आकडा हलवू शकते.

६. शेवटी एक निर्णय नाव घेऊन सांगायचा : हा आकडा अमुक असेल तर डॉक्टरने आज जे केलं असतं त्याहून वेगळं काय करावं?

भाकीत-मॉडेल कसं कळवावं याची ‘ट्रायपॉड’ ही यादी २०१५ पासून आणि अशा अभ्यासांतला पक्षपात तपासण्याचं ‘प्रोबास्ट’ हे साधन २०१९ पासून उपलब्ध आहे. दोन्ही मोफत. सिनॉप्सिस लिहायच्या आधी ट्रायपॉडची यादी समोर ठेवा आणि ज्या रकान्यात तुम्हाला काहीच लिहिता येत नाही तिथे खूण करा. त्या खुणा म्हणजे तुमच्या अभ्यासाचा खरा आराखडा.

आणि अशा काटेकोर अभ्यासातून ‘ग्रेसच्या वर एनएलआरने काही भर पडली नाही’ असं उत्तर आलं तर? तेही छापा. आपल्याकडच्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या, उशिरा पोचणाऱ्या रुग्णांवर ग्रेस स्कोअर किती बरोबर चालतो, एवढं जरी तुम्ही नीट सांगितलं तरी ते तिथल्या डॉक्टरला उपयोगी पडेल. चाळीसावा कट-ऑफ त्याला नको आहे. त्याच्यासमोर रात्री दोन वाजता रुग्ण असतो, रुग्णवाहिका एकच असते आणि कुणाला आधी पाठवायचं हे त्याला ठरवायचं असतं.

पुढच्या वेळी असा पेपर हातात आला की सारांश बाजूला ठेवा आणि आधी तीन गोष्टी शोधा : रक्त केव्हा काढलं, किती जण दगावले आणि तुलना कशाशी केली. ही तीन उत्तरं पेपरात सापडली नाहीत, तर ऑड्स रेशो कितीही मोठा असला तरी तो तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आधार म्हणून उतरवू नका.